पडद्यावरचा निळा, पत्र्यावरचा निळा

अमळनेरहून आलेलं पत्र:

"नाना, नमस्कार. माझे वडील वीस-पंचवीस वर्षं ब्रशने बोर्ड आणि गाड्या लिहायचे. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले, मनगट नीट सांधलं नाही, आता ब्रश धरवत नाही. मी जुना चोवीस इंची प्लॉटर (कॉम्प्युटरवरून अक्षरं कापणारं मशीन) घेऊन स्टिकर कटिंग सुरू केलंय. पहिलं मोठं काम एका डेअरीच्या दुधाच्या गाडीचं मिळालं. गाडी क्रीम रंगाची. मालकाला दुधाच्या पिशवीवर आहे तोच निळा हवा होता. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर व्हिनाइलच्या, म्हणजे स्टिकरच्या रंगीत प्लास्टिकच्या, रोलचे फोटो पाठवले, मी ते कॉम्प्युटरवरच्या डिझाइनशी जुळवून, मालकाला पडद्यावर दाखवून एक निळा मागवला. गाडीवर लावला तर जांभळट दिसतो. शिवाय होळीला लावलेली अक्षरं आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) कडेने उचलली, दाराच्या फटीवरची तर फाटलीच. मालक म्हणतात, अर्धेच पैसे देईन. व्हिनाइल कोणतं घ्यावं आणि रंग जुळवावा कसा? वडील म्हणाले, नानांना विचार. गाडीचा फोटो सोबत पाठवते आहे."

बेटा,

फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला. फोटो बघून मी रंगाबद्दल बोलायला लागलो तर तुझ्याकडून जे झालं तेच माझ्याकडून होईल. गाडी, पिशवी आणि रोल या तीन वस्तू एका जागी, एका उजेडात कशा आणायच्या तेवढं सांगतो. तुझ्या रंगाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी तो निळा जांभळा का झाला ते समजून घे. कॉम्प्युटरचा पडदा स्वतः उजेड फेकतो. लाल, हिरवा, निळा असे तीन उजेड मिसळून तो रंग दाखवतो, आणि त्याचा निळा इतका झगझगीत असतो की तसा ना शाईत मिळतो ना व्हिनाइलमध्ये. व्हिनाइलवर बाहेरून उजेड पडतो आणि त्यातला काही परत येतो, तेवढाच त्याचा रंग. म्हणून पडद्यावर जुळलेले दोन निळे पत्र्यावर जुळतीलच असं नाही. त्यात व्हॉट्सॲपच्या फोटोची भर. गोदामात ट्यूबलाइटखाली रोल उभा करून फोटो काढला की मोबाइल पांढरं कशाला म्हणायचं ते स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्या हिशेबाने सरकवतो. तोच रोल दाराबाहेर उन्हात नेला असता तर दुसराच निळा आला असता. तू जुळवणी नीटच केली असशील, पण ज्याच्याशी जुळवलंस तो रोलचा रंगच नव्हता.

दुसरं कारण तुझ्या गाडीचं क्रीम. क्रीममध्ये पिवळा असतो. पिवळट बॅकग्राउंडवर निळा ठेवला की आपला डोळा त्याला जांभळ्याकडे ढकलतो. हाच तुकडा एखाद्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर धरून बघ, जांभळटपणा कमी झालेला दिसेल. वडिलांना विचार, त्यांना हे हाताने माहीत असणार. क्रीम दारावर निळी अक्षरं लिहायची असली की मी डब्यात थेंबभर हिरवा टाकत असे, तेव्हा कुठे तो निळा वाटायचा. रोलमध्ये थेंब टाकता येत नाही. म्हणून क्रीम गाडीसाठी निवडतानाच किंचित हिरव्याकडे झुकणारा निळा उचलायचा.

तिसरं कारण पिशवी. दुधाची पिशवी पातळ प्लास्टिकची, तिच्यावरची शाईही पातळ. भरलेल्या पिशवीतला निळा उजळ दिसतो, कारण मागे दूध आहे. रिकामी पिशवी टेबलावर पसरली की मागचं लाकूड त्यातून डोकावतं आणि निळा मळतो. मालकाच्या डोळ्यात बसलेला निळा भरलेल्या पिशवीचा आहे. गिऱ्हाईक रोज सकाळी तीच हातात घेतं. म्हणून नमुना घेताना पिशवी धुऊन, कोरडी करून, कापून, पांढऱ्या कागदावर सपाट चिकटव. त्याहून चांगलं म्हणजे भरलेली पिशवीच सोबत ने.

आता कृती. व्यापाऱ्याकडून शेड कार्ड माग, पण छापलेलं नको. खऱ्या व्हिनाइलचे तुकडे लावलेलं कार्ड मिळतं, त्यासाठी पैसे मोजावे लागले तरी मोज. छापील कार्डावर व्हिनाइलचा रंग शाईने दाखवलेला असतो, म्हणजे ती परत नक्कलच. कार्डावरून जवळचे वाटणारे तीन-चार निळे निवड आणि प्रत्येकाचा वीतभर तुकडा मागव. छोट्या चौकोनावरून मोठ्या अक्षराचा अंदाज येत नाही. रंगाचं क्षेत्र वाढलं की तो आणखी उजळ, आणखी भडक वाटायला लागतो. हे तुकडे गाडीवर, ज्या जागी नाव येणार आहे तिथेच, वरच्या कडेला जरासे चिकटवून लोंबकळत ठेव. दुकानात एलईडीखाली ठरवू नकोस. दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. पिशवीची शाई आणि व्हिनाइलचा रंग ही अशीच जोडी आहे. गाडी उन्हात फिरणार, तर निवाडा उन्हातच व्हायला हवा: एकदा सकाळच्या उन्हात, एकदा भिंतीच्या सावलीत. संध्याकाळचं तांबूस ऊन टाळ.

डोळ्याला मदत म्हणून एक राखाडी पुठ्ठा घे. त्यात इंच-इंचाची दोन भोकं शेजारी-शेजारी पाड. एका भोकामागे पिशवी, दुसऱ्यामागे व्हिनाइल. आजूबाजूचं क्रीम झाकलं गेल्यामुळे आता फक्त दोन निळे समोर राहतात. आधी डोळे किलकिले करून बघ, दोघांत गडद कोण. गडदपणा जुळला की मग झुकाव बघ: हिरव्याकडे की जांभळ्याकडे. नवशिक्याची चूक अशी होते की तो आधी झुकाव बघत बसतो. लांबून येणाऱ्या माणसाला आधी गडदपणा दिसतो, आणि तो चुकला की 'हा आमचा निळा नाही' असं तो लगेच म्हणतो. पुठ्ठ्यातून दोन तुकडे शिल्लक राहिले की पुठ्ठा बाजूला ठेव आणि वीस-पंचवीस फुटांवर जाऊन तेच तुकडे क्रीमवर बघ. शेवटचा शब्द तिथला. दोघांत मन अडलं तर गडद घे. उन्हाने रंग उजळतो, गडद होत नाही, आणि क्रीमवर गडद अक्षर वाचायलाही सोपं.

मालकाकडे रंगाचा नंबर आहे का हेही विचार. पिशव्या छापणाऱ्याकडे बहुधा पॅन्टोनचा नंबर असतो; शाई मिसळण्याची ती पद्धत १९६३ पासून जगभर चालते. गाड्यांच्या आणि पत्र्याच्या कामात कोणी आरएएल नंबर सांगतं, ती जर्मनीत १९२७ पासून चालत आलेली यादी, आता चार आकडी नंबरांची. आपल्याकडे इनॅमलच्या डब्यांना भारतीय मानक आयएस ५ चे नंबर आहेत. वडिलांना गोल्डन येलो ३५६, पी.ओ. रेड ५३८, फ्रेंच ब्ल्यू १६६ हे आठवत असतील. व्हिनाइल कंपन्या आपल्या कोणत्या रोलच्या जवळ कोणता पॅन्टोन किंवा आरएएल येतो याचे तक्ते देतात. त्यात 'जवळचा' असं लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः घ्यायचं असतं. नंबर तुला योग्य फळीपर्यंत नेतो, रोल मात्र तुकडा लावूनच उचलायचा.

आणि मालकाने 'अगदी तोच हवा' असा हट्ट धरला तर? मग रंगीत रोलने भागणार नाही. पांढऱ्या व्हिनाइलवर छपाई करून, लॅमिनेशन करून, कापून लावावं लागेल. जळगाव-धुळ्यात हे करून देणारे आहेत. छपाईवाल्याला नंबर आणि पिशवी दोन्ही दे आणि आधी हातभर नमुना छापून घे, लॅमिनेशनसकट, कारण लॅमिनेशन चढलं की रंग थोडा बदलतो. छापल्यावर शाईतलं सॉल्व्हंट (शाई पातळ ठेवणारं द्रव्य) उडून जाईपर्यंत किमान एक दिवस थांबायचं, मगच लॅमिनेशन. घाईने केलं तर सॉल्व्हंट आत अडकून गोंद मऊ पडतो आणि कडा सुटतात. तरी माझं मत विचारशील तर नुसत्या नावासाठी मी रंगीत रोलच घेईन. त्याच्या पोटातच रंग असतो, तो आपल्या उन्हात छापील रंगापेक्षा जास्त टिकतो. मालकाला उन्हात दोन तुकडे शेजारी धरून दाखवलेस की बहुतेक वेळा तोच म्हणतो, 'चालेल'.

निवडलेल्या तुकड्यामागे मालकाची सही घे. तारीख, कंपनी, रोलचा नंबर आणि लॉट नंबर तिथेच लिही, आणि तो तुकडा वहीत चिकटवून ठेव. लॉटचं मी मुद्दाम सांगतो. लॉट म्हणजे एका खेपेला तयार झालेला माल; एकाच नंबरच्या दोन लॉटमध्ये सूक्ष्म फरक असू शकतो. जामनेरच्या एका पाण्याच्या टँकरचं काम मी केलं होतं. घाऊक दुकानातून मला अर्धा माल एका रोलचा आणि अर्धा दुसऱ्या रोलचा कापून मिळाला होता, आणि संध्याकाळच्या उजेडात माझ्या ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर उन्हात उभा होता. पहिले तीन शब्द एका लाल रंगाचे, पुढचे दोन किंचित नारिंगी. सगळं काढून परत लावलं. तेव्हापासून एका कामाचा माल मी एका रोलमधूनच घेतो. आणि अगदीच कमी पडला तर एक बाजू एका लॉटची, दुसरी बाजू दुसऱ्याची, कारण गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कोणालाच दिसत नाहीत. सोनेरी-चंदेरी मेटॅलिकमध्ये आणखी एक भानगड: त्यातले कण एका दिशेने बसलेले असतात. एक अक्षर उभं आणि एक आडवं कापलंस तर एकाच रोलचे दोन रंग दिसतील. जागा वाचवायला अक्षरं फिरवू नकोस.

पुढे कधी काळ्या किंवा गडद गाडीचं काम आलं तर अजून एक परीक्षा लागेल. अर्धा काळा आणि अर्धा पांढरा असा एक कार्डपेपर कर आणि त्यावर पिवळा तुकडा मधोमध ठेव. काळ्या बाजूचा पिवळा हिरवट, मेलेला दिसला तर ते व्हिनाइल पुरेसं अपारदर्शक नाही. गडद गाडीवर ते लावू नकोस, किंवा खाली पांढऱ्याचा थर दे. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, पिवळ्या अक्षरांची मागणी फार. तिथे ही परीक्षा न केल्यामुळे कच्च्या केळीसारखी दिसणारी पिवळी अक्षरं मी बरीच पाहिली आहेत.

आता रोलची जात. इथे तुझा दुसरा प्रश्न सुटतो.

आपल्या जळगावात पीव्हीसी पाइप घरोघरी माहीत आहे. व्हिनाइल म्हणजे तेच पीव्हीसी. पाइप कडक, आणि बागेत पाणी घालायची नळी मऊ. दोघांत फरक प्लास्टिसायझरचा. प्लास्टिसायझर म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. ती नळी दोन उन्हाळे गच्चीवर टाकून ठेवली की काय होतं? कडक होते, आखडते, वाकवली की तडकते. मऊ ठेवणारं द्रव्य उडून गेलेलं असतं. तुझ्या दूधगाडीवरच्या अक्षरांचं तेच झालं, फक्त दोन उन्हाळ्यांऐवजी दोन महिन्यांत, कारण थर पातळ आणि माल हलका.

स्वस्त रोल कॅलेंडर्ड मोनोमेरिक असतो. गरम रुळांमधून लाटून, ओढून त्याची पत्री करतात. पापड लाटताना सोडला की जरा आखडतो ना, तशी ही पत्रीही गरम झाली की मूळ आकाराकडे आखडू बघते. वर तिच्यातलं प्लास्टिसायझर हलकं, उन्हाने लवकर बाहेर पडणारं. दुकानाच्या सेलच्या पाट्या, निवडणुकीचं काम, यात्रेतले स्टॉल यांना हा रोल चांगला. गाडीला नको. त्याच्या वरचा पॉलिमेरिक. तोही लाटलेलाच, पण त्यातलं प्लास्टिसायझर मोठ्या साखळ्यांचं, जागेवर टिकणारं, त्यामुळे आखडणं बरंच कमी. जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सगळ्यांत वर कास्ट. पातळ केलेलं पीव्हीसी सपाट, गुळगुळीत कागदावर ओतून भट्टीत भाजतात, धिरड्यासारखं. ते ओढलेलंच नसतं, म्हणून आखडायचं कारणही उरत नाही. जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास, आणि ते वळणावर, खोबणीत, रिव्हेटवर बसतं. ओराकल या व्हिनाइल कंपनीचे नंबर ऐकलेस तर ६४१ हा हलका लाटलेला रोल आणि ७५१ कास्ट, एवढं सध्या लक्षात ठेव.

कंपन्या 'पाच वर्षं', 'आठ वर्षं' असं लिहितात, त्याच्या खालची बारीक अक्षरं वाच. ती वर्षं बहुधा मध्य युरोपच्या हवामानात, उभ्या पृष्ठभागावर मोजलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. बॉनेट आणि टपावर ऊन थेट वरून पडतं, तिथलं व्हिनाइल बाजूच्यापेक्षा आधी जातं. म्हणून गिऱ्हाइकाला डब्यावरची वर्षं सांगू नकोस. निम्मी सांग, आणि टपावर लावायचं असेल तर त्याहूनही कमी. गडद रंग जास्त तापतात हेही धर. तुझा निळा क्रीमपेक्षा जास्त तापणार.

तुझ्या गाडीसाठी माझी निवड अशी: मागच्या डब्याच्या सपाट बाजूंना पॉलिमेरिक, केबिनच्या दारांना कास्ट. दारावर जी आडवी खोबण आहे, फोटोत नाव बरोबर तिच्यावरून गेलंय. लाटलेलं व्हिनाइल खोबणीत ओढून बसवलं की गरम झाल्यावर तंबूसारखं उठतं. कास्ट परवडत नसेल तर नाव खोबणीच्या वर घे, लहान घे, पण सपाटीवर घे. दोन जातींचे निळे एकाच नंबरचे असले तरी एकसारखे असतीलच असं नाही, तेही उन्हात शेजारी धरून बघ.

नवा रोल विश्वासाचा आहे का हे बघायची माझी परीक्षा स्वस्त आहे. वीतभर चौकोन कापून जुन्या पत्र्यावर नीट चिकटव. ब्लेडने त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मार, व्हिनाइल आरपार कापलं जाईल अशी. पत्रा आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेव. फुलीच्या रेघा केसाएवढ्या राहिल्या तर रोल चांगला. फुलीतून पत्रा दिसायला लागला तर तेवढंच तुझं प्रत्येक अक्षर आखडणार आहे. आपला उन्हाळा या परीक्षेला फार उपयोगी. वैशाखात चार-पाच रोल एकदम तपासून ठेव, वर्षभर कामाला येतील.

कडा उचलण्याला रोल एकटा जबाबदार नाही. दूधगाडीच्या दारावर, हँडलच्या आसपास, दुधाच्या हातांचा एक चिकट थर असतो, डोळ्याला न दिसणारा. आधी भांड्याचा साबण आणि पाणी, मग स्वच्छ पाणी, कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती फडकं. अल्कोहोल उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घे, नाहीतर चिकटपणा परत तिथेच बसतो. पेट्रोल आणि रॉकेल वापरू नकोस, मागे तेलकटपणा राहतो. थिनरने इनॅमल सुटतं. सर्व्हिसिंगला मारलेलं पॉलिश किंवा सिलिकॉन असेल तर त्यावर काहीच धरत नाही, ते आधी उतरवायलाच हवं. गाडी नुकती रंगवली असेल तर किमान तीन आठवडे थांब. ताज्या रंगातून वाफ निघत राहते आणि व्हिनाइलखाली फुगे धरतात. मालक घाई करेल, तरी थांब.

काम सकाळी लवकर, सावलीत. पत्र्यावर तळहात ठेव. आरामात ठेवता येत नसेल तर त्या वेळी लावायचंच नाही. तापलेल्या पत्र्यावर गोंद स्पर्श होताच पकडतो आणि वाकडं गेलेलं अक्षर परत उचलता येत नाही. सवय होईपर्यंत मोठ्या, सपाट अक्षरांना पाण्याचा फवारा चालेल, बाटलीभर पाण्यात साबणाचे दोन-तीनच थेंब. स्क्वीजी (व्हिनाइल दाबून बसवायची चपटी पट्टी) मधून बाहेरच्या दिशेने फिरव, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून. दाराच्या फटीवर अक्षर आलं की ते फटीवर कापायचं आणि दोन्हीकडे कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत घ्यायचं. तुझं फाटलं ते इथेच. टोकदार कोपऱ्यांना जरा गोलाई दे, टोकं आधी उचलतात. लावल्यावर निदान एक दिवस गाडी धुवायची नाही, हे ड्रायव्हरला स्वतः सांग. मालकाला सांगितलेलं ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

फोटोत रंगाशिवाय एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. 'ताजं दूध' मधला ज वरचा अनुस्वार नाही. तू लिहिला असशीलच. नको असलेलं व्हिनाइल उकलताना तो त्याच्यासोबत निघून गेला असणार. आपल्या लिपीत हे नेहमी होतं, इंग्रजी अक्षरं कापणाऱ्याला ही अडचण फारशी येत नाही. अनुस्वार आणि नुक्ते सहा-सात मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नकोस, आणि ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून गाडीवर न्यायची चिकट टेप) लावण्याआधी मूळ मजकूर हातात घेऊन एक-एक टिंब मोज. दुसरं म्हणजे कापण्याआधी कॉम्प्युटरवर अक्षरांचे कर्व्ह (नुसत्या रेषांचे आकार) करून ती वेल्ड कर, म्हणजे एकमेकांत जोडून एकच आकार कर. देवनागरी फॉन्टमध्ये काना-मात्रा आणि शिरोरेघ एकमेकांवर चढलेल्या असतात. वेल्ड केलं नाही तर प्लॉटर त्या चढलेल्या रेघांवरही ब्लेड फिरवतो, आणि 'दूध' ची शिरोरेघ दोन ठिकाणी कापली जाते. त्या चिरेतून धूळ शिरते, आणि कड तिथूनच सुटायला लागते.

कायद्याचं थोडक्यात. नंबर प्लेट, दिवे आणि मालवाहू गाडीच्या चकाकत्या पट्ट्या यांच्यावर काहीही येऊ देऊ नकोस. लोक आपल्या प्रत्येक स्टिकरला 'रेडियम' म्हणतात, पण रात्री हेडलाइटमध्ये चमकतो तो परावर्तक माल वेगळा. तो शोभेसाठी मनाला येईल त्या रंगात, मनाला येईल तिथे लावायचा नाही. काचांवर फिल्म चिकटवण्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे, तेव्हा 'काचेवर पण मोठं नाव टाक' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हण. पूर्ण गाडीचा रंगच बदलणारं काम आलं तर मालकाला आधी आरटीओत नोंद करायला सांग.

आणि पैशांचं. मालक अर्धे देतो म्हणाला आहे, ते घे आणि भांडू नकोस. कडा उचलल्या ते तुझ्या रोलमुळे आणि तुझ्या लावण्यामुळे, तो भाग तू तुझ्या खर्चाने परत कर. रंगाची चूक दोघांची होती, त्यानेही पडद्यावरच होकार दिला होता. म्हणून त्याला असं सांग: नवं व्हिनाइल लावून देते, आधी गाडीवर तुकडे दाखवते, तुम्ही सही करा, आणि काम पूर्ण झाल्यावर उरलेले अर्धे द्या. मला वाटतं तो मानेल. ती गाडी रोज पहाटे अमळनेरच्या गल्लीबोळांतून दारोदार जाते. आता बोरी नदीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा भरेल, गावोगावचे लोक येतील आणि ती गाडी बघतील. उचललेल्या कडांची गाडी तोपर्यंत तशीच फिरू देऊ नकोस. निदान जुनी अक्षरं काढून टाक. काढताना हीट गनने हलकं गरम करून, चपटा कोन ठेवून, सावकाश ओढ. क्रीमवर अक्षरांची पुसट सावली राहिली तर घाबरू नकोस. दोनच महिने झालेत, पॉलिशने बरीच जाईल. राहिलीच तर नवी अक्षरं केसभर मोठी करून तिच्यावर बसव.

तुकडे बघायला जाशील तेव्हा वडिलांना सोबत ने. मनगट गेलं असेल, नजर गेलेली नाही. वीस-पंचवीस वर्षं डब्यात काडी फिरवून ज्यांनी निळा बनवला त्यांना कोणता तुकडा क्रीमवर जांभळा होईल हे पुठ्ठ्याविनाही कळेल. तू पुठ्ठ्यातून ठरव, ते नुसत्या डोळ्यांनी ठरवू देत, आणि दोघांचा तुकडा एकच निघतो का बघ. दूध टाकून गाडी परत येते ती वेळ साधारण साडेआठची असेल, तेव्हा ऊनही बरोबर बाजूने पडतं आणि पत्राही तापलेला नसतो. भरलेली पिशवी डेअरीतूनच घे. कोणता नंबर ठरला ते मला कळव.

तुझा,
नाना